सडा, बाग आणि मिठागर

सह्याद्रीचा कडा आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये जी चिंचोळी भूमी पसरली आहे, तिला आपण कोकण म्हणतो. ह्या भूमीच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, वेंगुर्ले नावाचे एक बंदर आहे. गाव फार मोठे नाही. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती सुमारे १२ हजार भरली. पण समुद्रकाठचे शेतकी गाव कसे असते, तेथली माणसे माती, पाणी आणि झाडे यांच्याशी कोणत्या रीतीने वागतात, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने वेंगुर्ल्याचा रस्ता धरावा.

पूर्वी मुंबईचा मनुष्य येथे आगबोटीने येई. पावसाळ्यात समुद्र खवळला, की ही वाहतूक बंद पडे आणि कोकणचा मुंबईशी असलेला हा सागरी दुवा चार महिने तुटे. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि ही अडचण कायमची दूर झाली. मात्र रेल्वे वेंगुर्ल्यास जात नाही. कुडाळ किंवा सावंतवाडी ह्या स्थानकावर उतरावे लागते व तेथून पश्चिमेकडे सुमारे २५ ते ३० किलोमीटर मोटारीने प्रवास करावा लागतो. हा प्रवास तासाभराचाच आहे. परंतु खिडकीजवळ बसून डोळे उघडे ठेवले, तर ह्या एका तासात कोकणच्या शेतीचे सारे प्रकार क्रमाने दिसून येतात.

आरंभी लागतो तो सडा. सडा म्हणजे तांबूस-काळ्या जांभ्या दगडाचे उंच, सपाट पठार. उन्हाळ्यात त्यावर खुरटे गवत आणि करवंदीच्या जाळ्या यांवाचून दुसरे काही दिसत नाही. पाहणाऱ्यास वाटते, ही भूमी अगदी निरुपयोगी आहे. पण ती अशी का झाली, हे समजून घेतले पाहिजे. येथे वर्षाला सुमारे अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. असा पाऊस आणि त्यामागून येणारे कडक ऊन हे चक्र लक्षावधी वर्षे चालले. पाण्याबरोबर खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि मागे उरली ती लोखंड व ॲल्युमिनियम यांची संयुगे. हाच जांभा दगड. त्याला तांबडा रंग आला आहे तो लोखंडामुळे. लोखंडाला गंज चढावा तसाच हा प्रकार आहे.

ह्या दगडाचा एक गुण मोठा मौजेचा आहे. जमिनीखाली असताना तो इतका मऊ असतो, की हत्याराने त्याच्या चौकोनी विटा कापता येतात. ह्या विटांना चिरे म्हणतात. तेच चिरे काही काळ हवेत व उन्हात राहिले, की कठीण होतात. कोकणातील घरे, विहिरी, गडगे, देवळांचे चौथरे ही सारी चिऱ्यांचीच बांधलेली असतात. भाजलेल्या विटांसाठी माती आणि सरपण शोधीत बसण्याची गरज येथल्या लोकांना क्वचितच पडली; विटा त्यांच्या पायांखालीच तयार होत्या.

सडा संपून रस्ता वळणे घेत खाली उतरू लागला, की दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारांवर गर्द पानांची, पसरट घेराची झाडे दिसतात. ही काजूची झाडे. आज कोकणाशी काजूचे नाते इतके जवळचे आहे, की हे झाड परदेशी आहे असे सांगितले तर खरे वाटणार नाही. वास्तविक काजू मूळचा ब्राझील देशातला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांनी तो हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणला. 'काजू' हे नावही ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी आले आणि तेथून आपल्या भाषेत उतरले. मुरमाड उतारावर, जेथे दुसरे पीक धड उभे राहत नाही, तेथे हे झाड तग धरते. म्हणूनच ते येथे रुजले.

फेब्रुवारी ते मे ह्या काळात काजूच्या रानात गेल्यास एक नवल दिसते. झाडाला पिवळी किंवा तांबडी रसाळ फळे लोंबत असतात आणि प्रत्येक फळाच्या खालच्या टोकाला, बाहेरच्या बाजूस, एक करडी बी चिकटलेली असते. इतर फळांत बी पोटात असते. ही मात्र उघड्यावर! खरी गोष्ट अशी आहे, की ती बी हेच काजूचे खरे फळ होय. ज्याला आपण फळ समजतो व ज्याला येथे बोंडू म्हणतात, तो नुसता फुगलेला देठ आहे. आधी बी वाढते आणि मग तिच्यामागे देठ फुगत जातो.

बी कवळी असताना काढली, तर आतल्या ओल्या गराची उसळ करतात. कोकणी माणूस दूरदेशी गेला, तरी ह्या उसळीची आठवण विसरत नाही. पण ओली बी सोलणे हे काम सोपे नव्हे. काजूच्या टरफलाचे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे बारीक बारीक कप्पे असतात. त्या कप्प्यांत एक काळपट, दाट तेल भरलेले असते. हे तेल कातडीला लागले, की कातडी भाजते, काळी पडते आणि तिचे पापुद्रे निघतात. झाडाने आपल्या बीच्या रक्षणासाठी केलेली ही तटबंदी आहे. दुकानात पांढराशुभ्र काजूगर पाहताना ही तटबंदी कोणाच्या हातांनी फोडली, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ती फोडली जाते काजूच्या कारखान्यांत. वेंगुर्ल्यात व आसपासच्या गावांत असे लहानमोठे कारखाने आहेत आणि त्यांत काम करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा असतो. प्रथम बिया उन्हात वाळवतात, नंतर वाफेवर उकडतात. त्यामुळे टरफल ठिसूळ होते. मग हाताने व पायाने चालणाऱ्या एका साध्या यंत्राच्या पात्यांमध्ये एकेक बी धरून ती फोडतात. पाते बेताने दाबले, तर गर अखंड निघतो. किंचित अधिक दाबले, तर त्याच्या दोन पाकळ्या होतात किंवा तुकडे पडतात. तेलाचा त्रास होऊ नये म्हणून बायका हाताला खोबरेल किंवा राख चोळतात, कोठे हातमोजे वापरतात. तरीही जुन्या कामकरणींच्या बोटांवर काळे डाग राहिलेले दिसतात. निघालेला गर भट्टीत सुकवून त्यावरची तांबूस साल सोलतात व शेवटी त्याची प्रतवारी लावतात.

ह्या प्रतवारीत एक गंमत आहे. बाजारात काजूच्या डब्यावर २४०, ३२० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, तेवढे अखंड गर बसतात, असा त्यांचा अर्थ. आकडा जेवढा लहान, तेवढा गर मोठा आणि भावही अधिक. १०० किलो बियांतून अवघे २५ ते ३० किलो गर मिळतात. आणि त्यांतले जे फुटले त्यांचा भाव खाली येतो. म्हणजे साऱ्या व्यवहाराचा नफातोटा फोडणारीच्या मनगटावर अवलंबून असतो. अलीकडे हे काम करणारी स्वयंचलित यंत्रे आली आहेत, पण हाताचे काम अजून थांबलेले नाही. टरफलातील ते जहाल तेलही फुकट जात नाही; रंग, रोगण आणि मोटारींच्या ब्रेकमध्ये वापरायचा एक पदार्थ यांसाठी ते उपयोगी पडते.

काजू असो वा आंबा, बी पेरून उगवलेले झाड आईसारखेच निपजेल असा भरवसा नसतो. एका झाडाच्या फुलावर दुसऱ्या झाडाचा पराग येऊन बसतो आणि संतती मिश्र गुणांची होते. म्हणून चांगल्या झाडाची कलमे करावी लागतात. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटून त्याच्या खोडाला मधोमध चीर देतात. चांगल्या झाडाची तेवढ्याच जाडीची फांदी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि वरून पट्टी गुंडाळतात. काही आठवड्यांत दोन्ही जीव एक होतात. मुळे एकाची, फळे दुसऱ्याची! ही विद्या वेंगुर्ल्याच्या परिसरातील रोपवाटिकांत मुलेसुद्धा वडिलांच्या शेजारी बसून शिकतात.

पण चांगले झाड कोणते, हे ठरवायचे कोणी? १९५७ मध्ये वेंगुर्ल्यास फळसंशोधन केंद्र सुरू झाले. आज ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा भाग आहे. येथल्या संशोधकांनी परदेशी पुस्तके चाळण्याबरोबरच गावोगाव हिंडून शेतकऱ्यांची झाडे पाहिली. कोणते झाड दरवर्षी धरते, कोणाची बी टपोरी आहे, याची नोंद केली. जवळच्या अणसूर गावातील एका झाडापासून 'वेंगुर्ला-१' ही जात निवडण्यात आली. वेतोरे गावातील झाडाचा बंगालकडील एका जातीशी संकर करून 'वेंगुर्ला-४' तयार झाली आणि १९८१ मध्ये ती शेतकऱ्यांच्या हाती आली. त्याच वर्षी 'रत्ना' हा आंबाही प्रसिद्ध झाला. हापूस आंबा चवीला अद्वितीय खरा, पण तो एक वर्ष भरपूर येतो, तर दुसऱ्या वर्षी रुसून बसतो. शिवाय पिकलेल्या फळात कधी कधी पांढरट, आंबूस गर निघतो. त्याला साका म्हणतात. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झालेल्या रत्नामध्ये हे दोन्ही दोष टळले. असे असूनही बाजारात मान हापूसचाच आहे. जिभेला गणित शिकविता येत नाही!

१९९० च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेतून फळबागा लावण्यास साहाय्य देऊ केले, आणि पडीक डोंगरउतार पाहता पाहता काजूआंब्यांनी भरून गेले. सुबत्ता आली, पण तीबरोबर नवी काळजीही आली. मोहोर आला असता अवेळी पाऊस पडला किंवा मळभ राहिले, की ढेकण्या नावाचा किडा कोवळ्या पालवीचा व मोहोराचा रस शोषून घेतो. कारखान्यांना बी पुरत नाही म्हणून ती आफ्रिकेतील देशांतून जहाजाने येते. ती स्वस्त पडली, की येथल्या बीचा भाव उतरतो. डोंगरावर चार झाडे जोपासणाऱ्या शेतकऱ्याचे वर्ष अशा रीतीने समुद्रापलीकडील बाजारावर अवलंबून राहते.

उतार संपला, की हवा एकदम गार लागते. आपण बागांत येऊन पोहोचलो. येथली बाग म्हणजे एका मजल्यावर दुसरा मजला चढविलेले घरच होय. सर्वांत वर माडांचे शेंडे. त्यांच्याखाली सरळसोट पोफळी. पोफळींना वेढे घालीत चढलेल्या मिरवेली. त्यांच्याखाली केळी आणि जायफळ. आणि अगदी तळाशी आले, हळद, सुरण, अननस. सूर्याचा किरण वरच्या पानातून निसटला, तर खालचे पान त्याला झेलते. थोड्या जागेत एवढी पिके घेण्याची ही युक्ती फार जुनी आहे. मात्र तिला एक वस्तू बारमाही लागते, ती म्हणजे गोडे पाणी. पावसाळा संपताच गावकरी वहाळाला माती-दगडांचा तात्पुरता बांध घालतात आणि पाटाने पाणी बागेत फिरवितात. ज्यांच्या दारात वहाळ नाही, ते विहिरीवर भिस्त ठेवतात.

माड हे ह्या बागेतील कर्ते झाड. सुमारे महिन्याला एक नवे पान त्याच्या शेंड्यातून निघते आणि प्रत्येक पानाच्या बगलेत फुलांची एक पोय येते. फूल धरल्यापासून नारळ पक्व होण्यास जवळजवळ १२ महिने लागतात. यामुळे एकाच माडावर बोराएवढ्या फळापासून तयार नारळापर्यंत सर्व वयांची भावंडे एकाच वेळी नांदताना दिसतात. शहाळ्याचे पाणी पिण्यास, खोबरे स्वयंपाकास आणि तेलास, करवंटी जाळण्यास आणि डाव करण्यास, सोडण कुजवून त्याच्या काथ्याचे सुंभ वळण्यास, चुडतांचे विणलेले झाप छपरास, आणि हिरांची केरसुणी अंगण झाडण्यास! पूर्वी रापणीची जाळी ओढण्याचे दोरही काथ्याचेच असत. आता ती जागा नायलॉनने घेतली आहे, आणि छपरावर झापांऐवजी पत्रे आले आहेत. तरी पावसाळ्यापूर्वी पडवीला झापांचा आडोसा करणारी घरे अजूनही दिसतात.

बागांच्या पुढे, सखल भागात भातशेती पसरलेली आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस शेतकरी एका तुकड्यावर पालापाचोळा व शेण पसरून भाजावळ करतात. पहिला पाऊस पडताच तेथे भात पेरतात. त्या रोपांना तरवा म्हणतात. जुलैत तरवा काढून चिखलात लावणी करतात आणि आश्विनात कापणी होते. जेथे पाणी टिकते, तेथे हिवाळ्यात दुसरे भात घेतात. ते वायंगण भात होय. जेथे नुसता ओलावा उरतो, तेथे कुळीथ, चवळी, भुईमूग किंवा भाजी. डिसेंबरात ह्या मळ्यांतील लाल माठ आणि वाली पाहिल्या, की ही भूमी गरीब आहे असे म्हणवत नाही.

आता आपण गावात आलो. चढउताराचे रस्ते, कौलारू घरे, बाजारपेठ आणि शेवटी बंदर अशी वेंगुर्ल्याची ठेवण आहे. आज शांत दिसणारे हे बंदर एके काळी परदेशी व्यापाऱ्यांच्या नजरेत भरले होते. गोव्यात पोर्तुगीज बसले असताना, त्यांचे प्रतिस्पर्धी जे डच त्यांनी सतराव्या शतकात येथे वखार घातली. तिचे पडके अवशेष आजही उभे आहेत. चिऱ्यांच्या त्या जाड भिंतींमध्ये आता झाडांची मुळे शिरली आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ले इंग्रजांच्या ताब्यात गेले. आपले सुप्रसिद्ध कवी मंगेश पाडगावकर यांचा जन्म १९२९ मध्ये येथेच झाला.

बंदरावरून पश्चिमेकडे पाहिल्यास, हवा स्वच्छ असली तर, क्षितिजावर खडकांचा एक लहानसा पुंजका दिसतो. ही वेंगुर्ल्याची खडकाळ बेटे. त्यांवर नावाड्यांना इशारा देणारे दीपगृह आहे आणि त्यांच्या गुहांत हजारो पाकोळ्या राहतात. ह्या पक्ष्यांची घरटी काडीकचऱ्याची नसतात. ते आपल्या चिकट लाळेपासून घरटे बनवितात. पूर्वेकडील काही देशांत अशा घरट्यांचे सार मोठ्या चवीने पितात. त्यामुळे पूर्वी येथून ती चोरून नेली जात. आता कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सकाळी गेल्यास रापण पाहावयास मिळण्याचा संभव असतो. ती पाहिलीच पाहिजे. रापण हे शेकडो मीटर लांबीचे जाळे असते. त्याचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळाकार फेरा घेत जाळे सोडीत येते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला लावते. मग दोन्ही टोकांना माणसे लागतात. वृद्ध, तरुण, बायका, मुले असे पन्नासपन्नास जण तालावर पावले मागे टाकीत दोर ओढतात. दोन रांगा हळूहळू एकमेकींजवळ येतात. जाळ्याचा फुगा किनाऱ्याशी लागतो, आणि आत चांदीसारखी तारली आणि बांगडे उसळू लागतात. मासळीची वाटणी जागच्या जागी होते. जाळ्याचा हिस्सा, होडीचा हिस्सा आणि दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असतो. गाबीत समाजाचा हा परंपरागत व्यवसाय आहे. मासळी फारच आली, तर ती वाळवून माडांना व भातशेतीला खत म्हणून घालण्याची चाल पूर्वापार आहे. म्हणजे समुद्रही शेतीच्या उपयोगी पडतो.

रापण किनाऱ्याजवळच टाकता येते. मासळी काठापर्यंत आली, तरच रापणीला मिळणार. यांत्रिक नौका मोठी जाळी घेऊन मासळीचे थवेच्या थवे पाण्यातच वेढू लागल्या, तेव्हापासून कित्येकदा पन्नास माणसांनी दोन तास ओढलेल्या रापणीत टोपलीभरही मासळी येत नाही. याविषयी मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर अनेकदा तंटे झाले आहेत. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा केला. हल्ली १ जून ते ३१ जुलै ह्या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ होय. यांत्रिक नौकांवर राबणारेही पोटासाठीच समुद्रात जातात, हे खरे. तरीपण रापणकरांचे म्हणणे न्यायाचे आहे असेच किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याला वाटते. जाळे रिकामे आले तरी दोर ओढणाऱ्यांचे श्रम तेवढेच झालेले असतात.

आता दक्षिणेकडे वळावे. मोचेमाडची खाडी ओलांडून रस्ता आरवलीस जातो. आरवलीचा वेतोबा प्रसिद्ध आहे. हा देव रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. आणि फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात. त्या वहाणा साध्या नव्हेत, चांगल्या हातहातभर लांबीच्या असतात! नवसाला केळ्यांचे घडही वाहतात. देवाला द्यावयाची वस्तू बागेत पिकणारीच असावी, हे ह्या भागाला शोभण्यासारखेच आहे. आरवलीच्या पुढे शिरोडे लागते. येथल्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते. पुढे 'ययाति' ह्या कादंबरीसाठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, हे तुम्हांस ठाऊक असेल.

शिरोड्याचे नाव आणखी एका गोष्टीसाठी इतिहासात नमूद आहे. १९३० च्या एप्रिलमध्ये महात्मा गांधींनी दांडीस मिठाचा कायदा मोडला. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या सत्याग्रहींनी शिरोड्याच्या मिठागरांवर जाऊन मीठ उचलले. लाठ्यांचा मार खाल्ला, तुरुंगवास पत्करला. ह्यासाठी शिरोड्याचीच निवड का झाली, याचे उत्तर सोपे आहे: येथे मीठ पिकत होते.

'पिकत होते' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मीठ काढणे ही एक शेतीच आहे. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी एका मोठ्या खाचरात घेतात. तेथून ते उथळ, चोपून गुळगुळीत केलेल्या वाफ्यांतून क्रमाक्रमाने पुढे सरकवितात. ऊन आणि वारा यांनी पाणी आटत जाते व उरलेले अधिकाधिक खारट होत जाते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत आपल्या खाण्याचे मीठ २७ ग्रॅमांच्या आसपास असते. सारेच क्षार एका वेळी खाली बसत नाहीत. चुन्याचे क्षार आधी बसतात. ते आरंभीच्या वाफ्यांत राहून जातात. शेवटच्या वाफ्यात मिठाचे खडे धरू लागतात. ते लाकडी फावड्याने ओढून काठावर ढीग करतात. उरलेले कडवट पाणी वेळीच काढून टाकावे लागते. नाही तर मीठ कडू होते. म्हणजे कोणते पाणी कोणत्या वाफ्यात किती दिवस ठेवावयाचे, यातच मिठागरवाल्याचे सारे ज्ञान आहे. आता पूर्वीइतकी मिठागरे राहिलेली नाहीत.

ह्याच खाड्यांच्या काठी दुसऱ्या प्रकारची जमीन असते, तिला खार जमीन म्हणतात. ती भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली असते. पूर्वजांनी मातीचे लांबलचक बांध घालून ती समुद्रापासून सोडवून घेतली. बांधात ठिकठिकाणी झडपेचे दरवाजे असतात. गोव्याकडे अशा दरवाजाला मानस म्हणतात. भरती आली, की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली, की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि शेतातले जास्तीचे पाणी बाहेर जाते. कोणी पहारा करावयास नको की इंजिन नको.

पण हा बांध एकट्याचा नसतो. साऱ्या खाराचा एकच बांध. एखाद्या खेकड्याने पाडलेले बीळ वेळीच बुजविले नाही, तर पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या मोठ्या भरतीला तेथूनच पाणी घुसते व पाहता पाहता भगदाड पडते. एकदा खारे पाणी आत पसरले, की उभे पीक तर जातेच, शिवाय जमिनीत मीठ मुरते. मग ते धुऊन काढण्यास पावसाचा एक हंगाम, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तोपर्यंत शेताच्या कडेची विहीरही मचूळ होते. म्हणूनच पूर्वी बांधाच्या डागडुजीला घराघरातून माणूस जाई. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खार जमिनींविषयी स्वतंत्र कायदा केला, व बांधांची काही जबाबदारी सरकारकडे आली. तथापि जेथे तरुण मंडळी नोकरीसाठी शहरात गेली आहेत आणि घरी म्हातारी माणसेच उरली आहेत, तेथे खेकड्याचे बीळ कोणाच्या दृष्टीस पडत नाही. असे काही खार आज मोडले आहेत, आणि जेथे भात डोलत होते तेथे कांदळवन वाढले आहे.

मिठागर आणि खार यांचा हा शेजार विचार करण्यासारखा आहे. एकाला भरतीचे पाणी आत हवे असते, दुसऱ्याला ते बाहेर ठेवावयाचे असते. मे महिना सरत येतो. मिठागरावर मीठ ओढण्याची घाई उडते. ढिगांवर झाप घालून ते झाकून टाकतात. पलीकडे खारातला शेतकरी बांध चाचपून पाहतो, झडपेत अडकलेला गाळ काढतो, आणि नैर्ऋत्येकडे डोळे लावून बसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाची सर येते. मिठागराचे वाफे एका दिवसात गोड्या पाण्याने भरून जातात व तेथले काम पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंद पडते. त्याच पावसाने खाराच्या मातीतले मीठ विरघळून झडपेवाटे खाडीत जाऊ लागते. असे दोनतीन आठवडे धुतल्यावर शेतकरी चिमूटभर माती जिभेवर ठेवून पाहतो. ती खारट लागली नाही, म्हणजे तो दुसऱ्या दिवशी लावणीला लागतो.